पासलीच्या यंत्रावरचं हरवलेलं पान

१

पासलीच्या बायकांचं भात तापून पिवळं पडलं आणि खापर फोडायला केशवला डोकं सापडलं ते अश्विनीचं. ती बिचारी त्या वेळी अंगावर हळद घेऊन नवऱ्याबरोबर जेजुरीच्या पायऱ्या चढत होती.

केशव माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन भोरला आले तेव्हा हा खांद्याला दप्तर अडकवून शाळेत जायचा, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. एसटी स्टँडमागे माडीवर त्याचं ऑफिस आहे. भात वाळवायच्या यंत्राला जो पडदा असतो, त्याच्या आतला प्रोग्रॅम हे लोक बनवतात. कुठला दिवा लागला तर काय करायचं, याची मराठी पानं त्यांनी इंटरनेटवर ठेवली आहेत. यंत्रावर क्यूआर कोडचे स्टिकर असतात. बिघाड झाला की त्या त्या स्टिकरवर मोबाईल धरायचा, नेमकं पान उघडतं. शेतकऱ्याला शोधत बसायला नको. ही पानं लिहिणाऱ्या मुली दोन, अश्विनी आणि मिताली.

शनिवारी सकाळी मी भाजणी द्यायला म्हणून ऑफिसात गेले, तर केशव लालबुंद.

"वहिनी, नाक कापलं गेलं आपलं! पासलीच्या गटानं भिजलेलं भात यंत्रात भरलं. भट्टी जास्त तापली, लाल दिवा लागला. गटाच्या धोंडाबाईंनी स्टिकरवर मोबाईल धरला, तर म्हणे 'हे पान सापडलं नाही'! इथं फोन लागून काय करायचं ते कळेपर्यंत सगळं भात खालून तापलेलं. आता म्हणतात, यंत्र उचलून न्या."

"मग?"

"मग काय! ताप नि भट्टीची पानं अश्विनीची. लग्नाच्या घाईत जाता जाता तिनंच काहीतरी उडवलं. सोमवारी कामावर येईल, तशीच आल्या पावली परत पाठवतो."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

कप्पाळ माझं! मी जन्मभर भोरच्या कोर्टात वकिली केली. काळा कोट आता खुंटीला लावलाय, जीभ अजून लावलेली नाही. आरोपीचं म्हणणं न ऐकता निकाल द्यायची भाषा माझ्यासमोर, आणि तीही माझ्याच दिरानं करावी?

बरं, ही साधी नोकरी नव्हती. अश्विनी वरव्याची, शेतकऱ्याघरची. सासर नसरापूरचं. लग्नानंतर सुनेला भोरला कामावर पाठवायला सासरचे तयार नव्हते. तेव्हा हाच केशव त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला होता, "पोरगी गुणाची आहे, माझ्या शब्दावर पाठवा" म्हणत. त्याच माणसानं तिला हाकललं तर दुसऱ्या कुठल्या ऑफिसात तिला कोण पाठवणार होतं? पोर कायमची चुलीपाशी बसली असती.

मी तिच्या टेबलाकडं पाहिलं. वर नवीकोरी पाटी होती, 'सौ. रत्ना सोमनाथ खुटवड'.

"ही रत्ना कोण आणखी?"

"अहो, आपली अश्विनीच. सासूबाईंनी नाव बदललं. सोमनाथनं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं की सगळ्यांसमोर, तुम्ही नव्हता का तिथं? आपणही मान राखायला हवा. लग्नाहून आलो त्याच दिवशी मी ऑफिसात सगळीकडं तिचं नवं नाव करून टाकलं. आहेरच समजा माझा."

एका हातानं आहेर आणि दुसऱ्या हातानं हकालपट्टी. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत तोंड मिटून राहा. मी बघते."

तेवढ्यात आतल्या खोलीतून केशवचा मुलगा प्रद्युम्न बाहेर आला. प्रोग्रॅम लिहिणारा तोच. डोक्याला भला मोठा हेडफोन आणि चेहऱ्यावर, आपल्याला सगळं कळतं असं हसू.

"शैलजाकाकू, उगाच धावपळ करू नका," तो म्हणाला. "पानं उडालेलीच नाहीत."

२

"उडालेली नाहीत म्हणजे?"

"म्हणजे आहेत. सगळीच्या सगळी." त्यानं मला खुर्ची दिली आणि पडदा वळवला. "मी एक तपासनीस लिहून ठेवलाय. माणूस नाही हो, प्रोग्रॅम. तो रोज सकाळी आमच्या पहिल्या पानापासून निघतो, त्यावरच्या एकेका लिंकवर जातो, तिथून पुढच्या. कुठं लिंक तुटली असेल तर लाल खूण करतो. बघा, सगळं हिरवंगार. त्या दिवशीही हिरवंच होतं."

मी म्हटलं, "मला भट्टीचं पान दाखव." त्यानं पहिलं पान उघडलं, 'बिघाड' वर टिचकी मारली, मग 'भट्टी जास्त तापली' वर. आलं की पान. अश्विनीचं लिखाण लगेच ओळखू येतं. "घाबरू नका. आधी खालची झडप बंद करा" अशी सुरुवात. शेजारच्या बाईला सांगावं तसं लिहिते पोरगी.

"मग धोंडाबाईंना का नाही दिसलं?"

"पासलीत रेंज असते का?" प्रद्युम्ननं हात झटकले. "नाहीतर यंत्र बसवताना धनाजीनं भलतेच स्टिकर चिकटवले असतील. बाबा उगाच अश्विनीवर घसरले."

"आणि हे तू बाबांना सांगितलंस?"

"त्यांच्या रागात कोण बोलणार?" असं म्हणून पठ्ठ्यानं हेडफोन कानावर चढवला. असली हुशारी काय चुलीत घालायची! बापाच्या रागापुढं आपली शांतता महत्त्वाची, शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं काय व्हायचं ते होवो.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच कारणानं. मोबाईलला रेंज नसली तर तो 'इंटरनेट नाही' म्हणतो, हे आता मलासुद्धा ठाऊक आहे. 'पान सापडलं नाही' म्हणायला आधी कुठंतरी जाऊन शोधावं लागतं. धोंडाबाईंचा मोबाईल कुठंतरी पोचला होता. कुठं, ते पासलीला गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

३

रविवारी धनाजीच्या जीपमधून निघालो. धनाजी गावोगाव यंत्रं बसवतो, स्टिकर लावतो आणि वाटेत अखंड बोलतो. नसरापूर मागं पडलं, वेल्ह्याच्या चढाला लागलो, तरी त्याचं पालुपद सुरूच.

"काकू, म्या सवता डकवल्यात त्ये स्टिकर. दिवाळीच्या आदी. धोंडाआत्याच्या म्होरं एकेक उगडून दावला. सगळी पानं आली व्हती. आता केशवसायेब म्हंत्यात तूच चुकला आसशील. लई वाईट वाटलं बगा."

"तुझ्यावरही आळ आहे का?"

"आळ कुनावर न्हाई त्ये इचारा!"

पासलीला गटाच्या शेडमध्ये शिरताच तापलेल्या भाताचा कोंदट वास नाकात भरला. कोपऱ्यात ताडपत्रीवर भात पसरलेलं, दाणे पिवळट. धोंडाबाई कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"या ताई. बगा डोळं भरून. पान तुमचं, हरवलं तुमी, आन् भात गेलं आमचं! मिताली म्हनून कुनी पोरगी व्हती फोनवर, तिनं सांगितलं झडप बंद करा. पर तवर बसलं व्हतं तापून. आमी यंत्र नको म्हंत न्हाई. पर अडीनडीला ज्याचा उपेग न्हाई त्ये चित्र डकवता कशापायी?"

मी आधी हात जोडले. मग माझा मोबाईल काढला. यंत्राच्या अंगावर चार स्टिकर होते. पहिला मोटरचा. धरला, क्षणात पान उघडलं. म्हणजे रेंजचा प्रश्न मिटला. दुसरा पट्ट्याचा, तोही उघडला. तिसरा भट्टीचा. 'हे पान सापडलं नाही.' चौथा हवेच्या पंख्याचा. तेच.

धनाजीनं जिभेनं 'च्च' केलं. "दिवाळीत ह्योच स्टिकर उगडला व्हता, आत्या, सांगा की!"

"व्हय, उगडला व्हता. लबाड न्हाई त्यो," धोंडाबाई म्हणाल्या.

मी चष्मा लावून वाकले. प्रत्येक चौकोनाखाली इंग्रजी अक्षरांत पत्ता छापला होता. पत्ता सुरुवातीला सगळ्यांचा सारखाच. मग पुढं मोटर आणि पट्ट्याच्या पत्त्यात एक शब्द होता मिताली. भट्टी आणि पंख्याच्या पत्त्यात त्याच जागी होता अश्विनी.

"धनाजी, हे काय?"

"ज्यानं पान लिवलं त्याचं नाव. परद्युम्नसायबांनी सुरवातीला ज्याला त्याला आपला कप्पा दिला, तवापासनं तसंच हाय."

म्हणजे मितालीची पानं धडधाकट आणि अश्विनीचीच तेवढी गायब. तीही नेमकी ती लग्नाच्या रजेवर असताना. ऑफिसात मागं कोण होतं? मिताली. कोर्टात असतं तर मी लगेच पुढची साक्षीदार बोलावली असती.

४

वेल्ह्यात चहाला थांबलो तेव्हा मी मितालीला फोन लावला. ती भोरच्या बाजारपेठेतली, बोलायला फटकळ. मला तशी माणसं आवडतात, पण त्या दिवशी मीही तितक्याच फटकळपणे विचारलं, "मिताली, अश्विनीची पानं तू हलवलीस का?"

ती उसळलीच, "काकू, मला तिचं वाईट करायचं असतं तर पासलीचा फोन मी घेतलाच नसता. घेतला, पान उघडलं आणि जसंच्या तसं धोंडाबाईंना वाचून दाखवलं. माझ्या मनचं नाही सांगितलं एक अक्षर. आणि खरं सांगू? तिच्यासारखं मला लिहिता येत नाही. ती गेली तर तिचं काम माझ्या गळ्यात पडेल. मला नकोय ते!"

स्वार्थ इतक्या मोकळेपणानं सांगणारं माणूस सहसा खोटं बोलत नाही.

"पान तुला कसं सापडलं?"

"पहिल्या पानावरून गेले की आत. आम्ही ऑफिसातले स्टिकर कशाला वापरू?"

झालं, संशयितच संपले. पान आहे, प्रद्युम्नला दिसतं, मितालीला दिसतं. स्टिकर तोच आहे, दिवाळीत चालला होता. मग मधल्यामध्ये झालं काय? धनाजी म्हणाला, "काकू, करनी तर न्हाई?" मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं बशीतला चहा एका घोटात संपवला.

परतताना नसरापुरात मी जीप अश्विनीच्या सासरी वळवायला लावली. आरोपीला भेटल्याशिवाय तपास पुरा होत नाही. सासूबाई अंबूबाईंनी हसून स्वागत केलं. अश्विनी कालच जेजुरीहून परतली होती. दारापाशी पाठमोरी बसून शेंगा फोडत होती, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

"बसा की वो ताई. रत्ना, पानी आन गं."

अश्विनीचे हात शेंगा फोडतच राहिले.

"ए रत्ना!"

तरी काही नाही. अंबूबाई माझ्याकडं बघून ओशाळं हसल्या. "वळनी पडलं न्हाई अजून." मग त्यांनी उठून तिच्या खांद्याला हात लावला. तशी ती दचकून उठली. "अगंबाई, मला व्हय? आले, आले!"

मी तिच्याकडं बघतच राहिले. पोर तिथंच होती, हाकेच्या अंतरावर. कान शाबूत. पण हाक ज्या नावानं मारली, त्या नावाची अजून ती झालीच नव्हती.

पाण्याचा तांब्या घेताना मी हळूच विचारलं, "ऑफिसात तुझं नाव बदललंय, माहीत आहे?"

"पाटीचा फोटो पाठवला होता सरांनी," ती म्हणाली. मग सासूकडं चोरून बघत आवाज खाली आणला. "मला कुणी विचारलं नाही, काकू. पण सरांनी कौतुकानं केलं, काय बोलणार?"

मी अर्धा तांब्या तसाच ठेवून उठले. "अश्विनी, उद्या वेळेवर ये. काहीही झालं तरी ये."

५

सोमवारी सगळे माडीवर जमले. केशव टेबलाशी, प्रद्युम्न पडद्याशी, मिताली खिडकीत, धनाजी दारात. अश्विनी पर्स छातीशी धरून उभी. मितालीनं बहुधा तिला सगळं सांगितलं होतं, तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"प्रद्युम्न," मी म्हटलं, "पहिल्या पानावरून भट्टीच्या पानावर जा. गेलास? आता वरचा पत्ता मोठ्यानं वाच."

तो वाचू लागला आणि मधेच अडखळला. "...रत्ना... अरेच्चा!"

"आणि पासलीच्या स्टिकरवर त्या जागी आहे 'अश्विनी'. मी डोळ्यांनी पाहून आले. म्हणजे पान हललं नाही, उडालं नाही, फक्त त्याचं नाव बदललं. धोंडाबाई जुन्या नावानं हाक मारत राहिल्या. त्या नावाचं आता इथं कुणी नव्हतं."

"पण माझा तपासनीस..." प्रद्युम्न पुटपुटला.

"तुझा तपासनीस घरातल्या घरात फिरतो बाबा. स्वयंपाकघरातून माजघरात जाता येतं का, एवढंच बघतो. नाव बदललं तेव्हा आतल्या सगळ्या लिंका आपोआप बदलल्या असणार. हो ना? मग त्याला सगळं हिरवंच दिसणार. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला दार सापडतं का, हे तो कधी पाहतच नाही. स्टिकर बाहेर आहेत, यंत्रांवर डकवलेले. ते कसे आपोआप बदलतील?"

प्रद्युम्ननं हेडफोन मानेवरून काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच.

"पण नाव बदललं कुणी?" केशव गरजला. "लेखकांची नावं बदलायचा अधिकार इथं फक्त..."

आणि तो थांबला.

"बोल की," मी म्हटलं. "फक्त कुणाला?"

केशवच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि त्या जागी जे आलं ते बघून मला, खोटं कशाला बोलू, थोडी दयाच आली.

"मला," तो म्हणाला. "पाटी केली, ओळखपत्र केलं, मेल बदलला... आणि तिथंही नाव घातलं. एक बटण होतं. मला वाटलं, पानाखाली लेखिकेचं नाव येतं तेवढं बदलेल. वहिनी, मी तिचं वाईट का करीन?"

"वाईट नाही रे, मान द्यायलाच गेलास. मी कोर्टासमोरची खोली सोडून बाजारात बसायला लागले, तेव्हा जुन्या दारावर पाटी लावून आले होते, वकीलबाई आता अमक्या ठिकाणी बसतात म्हणून. तू पत्ता बदललास आणि जुन्या दारावर काहीच लावलं नाहीस. आणि वर, जिचा पत्ता बदलला तिलाच पकडायला निघालास."

"पाटी लावता येते," प्रद्युम्न घाईघाईनं म्हणाला. "जुन्या पत्त्यावर कुणी आलं की त्याला नव्या पत्त्यावर पाठवायचं. सोपं आहे, आत्ता करतो." तो खरंच कामाला लागला. थोड्या वेळानं धनाजीनं आपल्याजवळचा भट्टीचा जास्तीचा स्टिकर मोबाईलखाली धरला.

"आलं! घाबरू नका म्हंतंय!"

मिताली फस्सकन हसली. केशवनंही हायसं होऊन खुर्चीत अंग टाकलं. "चला, सुटलो. अश्विनी... म्हणजे रत्ना, जा बाई, बस कामाला."

ती जागची हलली नाही.

६

"सर," अश्विनी म्हणाली, "मी बसणार नाही."

सगळे चपापले. तिनं छातीशी धरलेली पर्स टेबलावर ठेवली.

"तुमी मला न विचारता नाव दिलंत. आन् न विचारताच काढून टाकायला निघालात. शैलजाकाकू नसत्या तर मी आता घरी असते. सासरी आत्याबाईंनी विचारलं असतं काय केलंस म्हणून, तर मला सांगतासुद्धा आलं नसतं. कारण मी काय केलं तेच मला ठाऊक नव्हतं!" डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं मनगटानं पुसलं, चुडा किणकिणला. "घरी रत्ना म्हणतात, म्हणू देत. तो माझा आन् आत्याबाईंचा प्रश्न आहे. पण ही पानं अश्विनीनं लिहिलीत."

केशवनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. प्रत्येक वेळी वकील बोलला पाहिजे असं नाही.

तो उठला. माझा दीर तापट आहे, पण कोत्या मनाचा नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. "चुकलो," तो म्हणाला. "मान देतोय असं वाटलं, आणि तुलाच विचारायचं राहिलं. आता विचारतो. काय करू, सांग."

तिनं नाक ओढलं, पदर सारखा केला आणि क्षणात तिच्यातली काम करणारी मुलगी बाहेर आली.

"पत्त्यात कुणाचंच नाव नको. माझं नको, मितालीचं नको. नावं बदलतात, माणसं सोडून जातात. बिघाडाचंच नाव ठेवा. भट्टी तापली म्हणजे भट्टी तापली. जुने पत्ते मात्र एकही बंद करायचा नाही. आणि प्रद्युम्नसर, तुमच्या तपासनिसाला पहिल्या पानावरून नका सोडू. रोज सकाळी आधी स्टिकरवरून सोडा, जे जे गावात डकवलंय तिथून."

"होय," प्रद्युम्न म्हणाला. त्याचं इतकं छोटं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं.

"आणि पासलीला फोन लावा, सर. त्यांना अजून वाटतंय पान मी हरवलं. चूक कुणाची, ते तुमच्या तोंडून कळू दे."

हे मात्र अवघड होतं. गावोगाव यंत्र विकणाऱ्या मालकानं गिऱ्हाइकाला सांगायचं, चूक माझी. केशवनं मोबाईल टेबलावर ठेवून, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा करून नंबर लावला.

"धोंडाबाई, भोरहून केशव बोलतोय. पान हरवलं ते माझ्यामुळं. अश्विनीचा काही दोष नाही. तुमच्या भाताचं काय करायचं ते मी उद्या स्वतः येऊन तुमच्यासमोर बसून ठरवतो. यंत्र न्यायचं म्हणालात तर तेही नेतो."

पलीकडं बायकांची कुजबुज झाली. कुणीतरी कोंबडी हुसकली. मग धोंडाबाईंचा खणखणीत आवाज आला.

"या उद्या. भाताचं समोरासमोर बोलू, त्ये काय सोडनार न्हाई आमी. यंत्राचं मागनं बगू." जरा थांबून, "आन् त्ये झडपंचं जिनं लिवलंय, ती अश्विनी हाय का तितं?"

अश्विनी पुढं झाली. "आहे मावशी. बोला."

"बाय, तुजं लिवलेलं कळतं आमाला. ओल्या भाताला हवा किती सोडायची त्ये कुटंच न्हाई सापडत. तेवडं लिव की."

"लिहिते मावशी," अश्विनी म्हणाली. "आत्ताच बसते."